मोहालीची वाट बार्शीवरून जाते

क्रिकेटमुळे घराघरांत पोहोचलेल्या मोहालीच्या वेशीवर आज परळच्या ‘टाटा’ची मोठी शाखा उभी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जी तपासणी आता साऱ्या जगाने मान्य केली, तिची खरी परीक्षा मात्र झाली आपल्या बार्शी-धाराशिवच्या ज्वारीच्या मुलखात!

मोहाली म्हटलं की मराठी घरात पहिल्यांदा आठवतं ते क्रिकेट. ३० मार्च २०११ची दुपार. विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर पाकिस्तान आणि खेळपट्टीवर सचिन. त्याने त्या दिवशी ८५ धावा केल्या खऱ्या, पण त्या करताना त्याचे चार झेल सुटले. ‘जीवदान, जीवदान’ असं घरोघरी चार वेळा ओरडून झालं. भारत २९ धावांनी जिंकला आणि मोहाली हे नाव शेंबड्या पोराच्याही तोंडी झालं.

पण या गावाचं सरकारी नाव मोहाली नाहीच. ते आहे साहिबजादा अजितसिंग नगर. गुरू गोविंदसिंगांच्या थोरल्या चिरंजीवांचं नाव या शहराला दिलंय. १ नोव्हेंबर १९७५ रोजी शहराचा पाया घातला गेला आणि २००६च्या एप्रिलमध्ये त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा मान मिळाला. चंदिगडला हे इतकं खेटून आहे की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे नव्या माणसाला कळत नाही. फाळणीनंतर पंजाबने हौसेने वसवलेली राजधानी पुढे केंद्रशासित झाली. मग पंजाबने तिच्या कुशीतच आपलं दुसरं नवं शहर आखून घेतलं! सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, ट्रॅक्टरचा कारखाना, सेमीकंडक्टरची प्रयोगशाळा, विज्ञान शिकवणारी आयसर ही संस्था. आयसर पुण्यातही आहे, त्यामुळे हे नाव पुणेकरांना तरी ओळखीचं.

चंदिगडच्या उत्तरेकडच्या अंगाला मुल्लांपूर नावाचं गाव आहे. हल्ली त्याला ‘न्यू चंदिगड’ म्हणतात. शिवालिकच्या डोंगररांगा इथून जवळ दिसतात. याच मुल्लांपुरात होमी भाभा कॅन्सर रुग्णालय उभं आहे. २०१३च्या डिसेंबरात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी त्याची कोनशिला बसवली आणि २४ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. ३०० खाटांच्या या इमारतीला ६६० कोटींहून अधिक रुपये लागले. बांधलं कुणी, तर मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने.

‘टाटा’ हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर परळ येतं. १९४१ साली सुरू झालेलं ते रुग्णालय, समोरच्या पदपथावर वळकटी पसरून बसलेली माणसं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतले ते थकलेले चेहरे. बिहार, बंगाल, पंजाब... देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येत आली आहेत. पंजाबच्या माळवा भागातल्या रुग्णांना तर भटिंड्याहून रात्रीची गाडी पकडून राजस्थानात बिकानेरला जावं लागे. त्या गाडीला लोकांनी ‘कॅन्सर ट्रेन’ असंच नाव देऊन टाकलं. कुठल्याही गाडीला असं नाव पडू नये. मुल्लांपूरचं रुग्णालय आणि त्याची संगरूरची १०० खाटांची शाखा ही त्या नावाला दिलेली उत्तरं आहेत.

खाटा वाढल्या, यंत्रं आली. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाबतीत खरी लढाई खाटेवर होतच नाही. ती होते बाई धडधाकट असताना, तिला काहीही दुखत-खुपत नसताना, दहा-पंधरा वर्षं आधी. आणि ही गोष्ट भारताला, किंबहुना जगाला, ठणकावून सांगितली ती परळनेही नाही आणि चंदिगडनेही नाही. ती सांगितली बार्शीने.

एकादशी पंढरपूरला, द्वादशी बार्शीला

सोलापूर जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, बालाघाटच्या पायथ्याला बार्शी वसली आहे. इथून पुढे मराठवाडा सुरू. गावात भगवंताचं देऊळ आहे. राजा अंबरीषाचं द्वादशीचं व्रत मोडू नये म्हणून विष्णू धावून आला, तो इथेच राहिला, अशी कथा गावकरी सांगतात. पंढरपूरची एकादशी करून वारकरी द्वादशीला बार्शीत येतात. गावाचं नावच या बारशीवरून पडलं, असंही सांगतात.

दुसरी ओळख बाजारपेठेची. ज्वारी आणि तूरडाळ घ्यायची तर बार्शीची, असा सोलापूर-पुण्याकडच्या गृहिणींचा आग्रह असतो. आणि तिसरी ओळख म्हणजे बार्शी लाइट रेल्वे! एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ही छोटी गाडी सुरू केली. आधी कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत, १९११ साली लातूरपर्यंत आणि १९२७ साली मिरजेपर्यंत. तिच्या वेगावरून या भागात विनोद पिकले, पण तिने शंभर वर्षं माणसं वाहिली. आता त्या मार्गावर मोठ्या रुळांची गाडी धावते.

अशा या गावात कर्करोगाचं रुग्णालय आहे, हे ऐकून नव्या माणसाला आश्चर्य वाटतं. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. ज्या अभिनेत्रीने ‘मदर इंडिया’मध्ये शेतकरी बाईची भूमिका अजरामर केली, ती १९८१ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेली. तिच्या नावाचं रुग्णालय खरोखरच शेतकरी बायकांच्या मुलखात असावं, हा योग म्हणायचा.

या रुग्णालयाशी शल्यचिकित्सक डॉ. भगवान नेने यांचं नाव जोडलेलं आहे. १९८७ साली इथे एक वेगळंच काम सुरू झालं. ते म्हणजे मोजणीचं. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कुणाला कर्करोग झाला, कुणाचा त्याने मृत्यू झाला, याची नोंद ठेवायची. भारतातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. शहरात हे सोपं असतं. रुग्ण रुग्णालयात येतो, कागद होतो, नोंद होते. खेड्यात? तिथे बाई अंगावर काढते. ‘पांढरं जातंय, कमरेत कळ येते’ हे ती नवऱ्याला सांगत नाही, सासूला तर नाहीच. आणि मग एक दिवस जाते. कागद कसला आणि नोंद कसली!

म्हणून बार्शीच्या लोकांनी आपलीच रीत काढली. कार्यकर्ते गावोगाव फिरायचे. सरपंच, शिक्षक, दाई, आरोग्यसेविका, गावातली जाणती माणसं यांना भेटायचं. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कोण दगावलं, हे विचारायचं. जाताना नुसती वही भरायची नाही, तर पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, वास येणारा स्राव गेला तर थांबू नका, हेही सांगायचं. त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, या भागातल्या बायकांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा होता. आणि दुसरी, नुसत्या सांगण्यानेही बायका थोड्या लवकर, आजार पुढच्या टप्प्यात जाण्याआधी येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हे आकड्यांनिशी मांडलं.

पण लवकर येणं म्हणजे तरी काय? कर्करोग झाल्यावर लवकर येणं. तो व्हायच्या आधीच पकडता आला तर?

बावन्न गट, सव्वा लाखाहून अधिक बायका

आजाराची रीत थोडक्यात सांगायला हवी. गर्भाशयाचं मुख, ज्याला आपल्याकडे ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात, तिथे हा कर्करोग होतो. त्याच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू असतो. डॉक्टर त्याला एचपीव्ही म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी हे नातं दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. शरीरसंबंधातून हा विषाणू पसरतो आणि तो इतका सर्वत्र आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच. तेव्हा विषाणू सापडला म्हणजे कुणाचं पाऊल वाकडं पडलं, असं मुळीच नाही. ही गोष्ट सासवांनी आणि नवऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी! बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. थोड्याजणींत मात्र तो ठाण मांडून बसतो. मग पेशी बदलू लागतात आणि त्या बदलांचा कर्करोग होईपर्यंत दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जातो.

एवढी मुदत देणारा कर्करोग विरळाच. क्रिकेटच्या भाषेत बोलायचं तर हा रोग चार-चार जीवदानं देतो. ती घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न असतो.

ती मुदत वापरायचे तीन मार्ग आहेत. पहिला पॅप तपासणीचा. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. पाश्चात्त्य देशांत गेल्या शतकात हीच चालली आणि तिने तिथला हा रोग खूपच खाली आणला. पण तिला पेशी ओळखणारा तरबेज माणूस लागतो आणि ती दर काही वर्षांनी परत परत करावी लागते. दुसरा मार्ग अगदी स्वयंपाकघरातला वाटावा असा. पातळ व्हिनेगर पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. ना प्रयोगशाळा, ना सूक्ष्मदर्शक. शिकलेली परिचारिका हे करू शकते. तिसरा मार्ग म्हणजे थेट विषाणूचाच शोध घेणारी एचपीव्ही चाचणी.

यातला कुठला मार्ग खेड्यातल्या बाईचा जीव वाचवतो? कागदावर तर तिन्ही चांगले होते. म्हणून नव्वदचं दशक संपता संपता बार्शीच्या रुग्णालयाने, परळच्या टाटाने आणि फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड काम हाती घेतलं. ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका. त्यांच्या गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगरची तपासणी. चौथ्या भागात तपासणी नाही. तिथे नेहमीची आरोग्यसेवा तशीच चालू ठेवली.

ज्यांनी हा मुलूख पाहिला आहे त्यांना या कामाचा अवघडपणा सांगायला नको. ज्वारीची काढणी आली की बाई शेतात, ऊसतोडीचा हंगाम आला की अर्धं गाव बाहेर. जत्रा, लग्नं, पाळीचे दिवस, सगळं सांभाळून बोलवायचं. ‘मला काय झालंय तपासायला?’ हा तर घरोघरचा प्रश्न. आणि खरंच, तिला काही झालेलं नसायचं! काही झालेलं नसताना कमरेखालची तपासणी करून घ्यायला आपल्याकडची शिकलेली बाईसुद्धा तयार होत नाही. तरीही तपासणीच्या तीन भागांत दर दहापैकी जवळजवळ आठजणी आल्या. शहरातल्या सोसायट्यांनी हा आकडा जरा मनाशी घोळवून पाहावा.

आठ वर्षं या बायकांवर लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष एप्रिल २००९मध्ये अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले. ज्या भागात तपासणी झाली नव्हती, तिथे या कर्करोगाने ६४जणी गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या भागात गेल्या ३४. आयुष्यात एकदा, फक्त एकदा केलेल्या चाचणीने मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पॅपच्या भागात ५४ आणि व्हिनेगरच्या भागात ५६ मृत्यू झाले. म्हणजे एकाच फेरीत या दोन तपासण्यांचा तेवढा प्रभाव दिसला नाही. आणखी एक आकडा या सगळ्यांहून दिलासा देणारा आहे. एचपीव्ही चाचणीत ‘काही नाही’ असं उत्तर आलेल्या बायकांत पुढे हा कर्करोग होण्याचं वार्षिक प्रमाण लाखात चारच्याही खाली राहिलं. पॅप किंवा व्हिनेगरने निर्धोक ठरलेल्यांत ते लाखात पंधरा-सोळा होतं. म्हणजे या चाचणीने ‘नाही’ म्हटलं तर बाईने कित्येक वर्षं निर्धास्त झोपावं.

व्हिनेगर मात्र टाकाऊ ठरलं नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटाने १९९८पासून दीड लाख बायकांचा असाच अभ्यास केला. तिथे वस्तीतल्याच दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं गेलं. दर दोन वर्षांनी एक, अशा तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदाच संधी मिळणार असेल तर एचपीव्ही, आणि तिची सोय नसेल तर व्हिनेगर, पण पुन्हा पुन्हा. दोन्ही अभ्यास मिळून एवढं सांगतात.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ज्या भागात तपासणी झाली नाही, तिथल्या त्या ६४ बायकांचं काय? तपासणी केली असती तर त्यातल्या काही वाचल्या असत्या का? हा प्रश्न पुढे जाहीरपणे विचारला गेला. परदेशातल्या डॉक्टरांनी भारतातल्या या अभ्यासांवर कडक टीका केली. तपासणी न करणारा गट ठेवणंच योग्य नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. उलट बाजू अशी की त्या वेळी देशात कुठेच, कुणालाच ही तपासणी नियमित मिळत नव्हती आणि कुठली तपासणी द्यावी हेच ठरत नव्हतं. वाद मिटलेला नाही आणि तो मिटावा असंही नाही. पण त्या चौसष्टजणींचं देणं आपल्यावर आहे, हे मात्र कुणालाही मान्य व्हावं. जे उत्तर मिळालं, त्याची किंमत धाराशिवच्या खेड्यांनी मोजली आहे.

भीतीचा धंदा

बालाघाटच्याच रांगेत, धाराशिवला लागून बीड जिल्हा आहे. ऊसतोड कामगारांचा जिल्हा. २०१९ साली तिथली एक गोष्ट देशभर गाजली. पिशवी काढलेल्या बायकांची संख्या इतकी होती की राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय तिशी-पस्तिशीचं.

कारणं अनेक होती. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, हे एक. पण दुसरं कारण या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की तिला सांगितलं जायचं, ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल.’ कॅन्सर या एका शब्दापुढे बाई काय बोलणार? कर्ज काढून, मुकादमाची उचल घेऊन पिशवी काढली जायची.

पांढरं जाण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात आणि ती औषधाने बरी होतात. कर्करोगाची शंकाच असेल, तर ती फेडायला काही मिनिटांची तपासणी पुरते. बिघडलेल्या पेशी सापडल्या तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकतात. भूल लागत नाही, टाके नाहीत, बाई त्याच दिवशी घरी. पिशवी जिथल्या तिथे राहते. ज्या मुलखाने जगाला ही तपासणी शिकवली, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात तिच्या अभावी हजारो पिशव्या निघाव्यात, यापरता दैवदुर्विलास कोणता!

पुन्हा मुल्लांपूर

बार्शीची दुसरी देणगी होती ती मोजणीची रीत. अतुल बुडुख हे बार्शीच्या कामात होते. धाराशिवच्या त्या निबंधाच्या लेखकांत त्यांचं नाव आहे. पुढे ते टाटा मेमोरियलमध्ये गेले आणि पंजाबात कर्करोग नोंदणी उभी करायची वेळ आली तेव्हा ती जबाबदारी त्यांच्याकडे आली. चंदिगड, मोहाली, संगरूर आणि मानसा, असे नोंदणीचे चार भाग. चंदिगडच्या पीजीआय या नामवंत संस्थेची साथ होती. २०१३पासून तिथे मोजणी सुरू झाली. परंड्याच्या पांदीतून चालत गेलेली वही पंजाबच्या पक्क्या रस्त्यांवर आली, म्हणा ना.

आणि तिने पहिल्याच फटक्यात एक समज हलवला. पंजाबात कर्करोग म्हणजे माळव्याचा, कीटकनाशकं फवारणाऱ्या शेतांचा, असं सगळेच धरून चालले होते. नोंदणीत दिसलं ते वेगळं. चंदिगड आणि मोहाली या शहरी भागांतलं प्रमाण संगरूर-मानशापेक्षा जास्त निघालं. सुखवस्तू, रुंद रस्त्यांची, झाडांची मोहाली! बायकांमध्ये स्तनांचा कर्करोग सर्वांत वर आणि गर्भाशयमुखाचा त्याच्या मागोमाग. कॅन्सर ट्रेन ज्या भागातून सुटायची तिकडे सगळ्यांचं लक्ष होतं. आजार मात्र बंगल्यांच्या वसाहतींतही होताच.

पंजाबने आणखी एक पाऊल लवकर टाकलं. २०१६ साली भटिंडा आणि मानसा जिल्ह्यांतल्या शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस द्यायला सुरुवात झाली. लसीच्या गोष्टीतही बार्शी डोकावते. या लसीच्या किती मात्रा लागतात, हे पाहणारा अभ्यास भारतात अनेक ठिकाणी चालू होता. त्यात बार्शी आणि पुणेही होतं. २०१० साली तो मध्येच थांबवावा लागला. त्यामुळे काही मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे दहा वर्षं त्यांच्याकडे पाहिल्यावर कळलं, की एका मात्रेनेही चांगलंच संरक्षण मिळतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा पुरेशी ठरू शकते असं सांगितलं, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या स्वदेशी लसीला परवानगी मिळाली.

पण लस मुलींसाठी. मुलीची आई, मावशी, आत्या, शेजारच्या काकू यांच्यासाठी तपासणीच. आणि इथे आकडा लाजिरवाणा आहे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या बायकांना विचारलं, ‘ही तपासणी कधी तरी करून घेतली आहे का?’ देशात शंभरातल्या दोघींनीही ‘हो’ म्हटलं नाही. १.९ टक्के! २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्याने जातात. मुल्लांपूरच्या ३०० खाटा त्यापुढे किती पुरणार?

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की तिशीनंतर एचपीव्ही चाचणी करावी आणि ती दर पाच ते दहा वर्षांनी व्हावी. पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा, एवढं तरी. आपल्या सरकारच्या २०१६च्या नियमावलीत ३० ते ६५ वर्षांच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी सांगितलेली आहे. एचआयव्हीची लागण असलेल्यांनी याहून लवकर आणि वरचेवर करायची. आता तर एचपीव्ही चाचणीसाठी बाईने स्वतःच, पडद्याआड, छोट्या ब्रशने नमुना घेऊन दिला तरी चालतो. संकोचाचं शेवटचं कारणही गेलं.

तपासणीला जाताना पाळीचे दिवस टाळावेत. व्हिनेगर लावताना किंचित चुरचुरतं, बाकी दुखत नाही. विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. दुर्बिणीतून पुन्हा पाहावं लागतं, इतकंच. धाराशिवच्या त्या अभ्यासात एचपीव्ही चाचणीत दहापैकी एकीला ‘आहे’ असं उत्तर आलं होतं. त्यातल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. लसीची मात्रा घेतलेलीनेही वय झालं की तपासणी करायचीच. आणि ज्या बाईला रक्त जातंय, घाण वास येतोय, तिने तपासणी शिबिराची वाट पाहू नये. तिने त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उत्तर ‘नाही’ असं आलं की पुढची तारीख लिहून ठेवायची असते. मराठी घरात अशा तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर जातात. दूधवाल्याचे खाडे, गॅसचा सिलिंडर, मुलांच्या परीक्षा. पण ही तारीख असते पाच वर्षांनंतरची, आणि ते कॅलेंडर अजून छापलेलं नसतं. म्हणून ती रिपोर्टच्या पाकिटावरच ठसठशीत अक्षरात लिहावी आणि ते पाकीट घरच्या महत्त्वाच्या कागदांत, शिधापत्रिकेच्या शेजारी ठेवावं.